गाडीखाली शिरण्यापूर्वी: कोणत्या कामाला कोणते संरक्षक साधन?

सांगलीच्या शंभर फुटी रस्त्यावर नवे गॅरेज टाकणारा तरुण असो किंवा विश्रामबागेत सुटीच्या दिवशी स्वतःच्या गाडीचे ऑइल बदलणारा नोकरदार, संरक्षक साधनांची खरेदी बहुधा हातमोज्यांपासून सुरू होते आणि तिथेच थांबते. माझ्या मते खर्चाचा क्रम याच्या उलट असावा. आधी गाडी पेलणारे स्टँड, मग डोळे, त्यानंतर श्वास, आणि शेवटी हात.

जॅक आणि स्टँड यांची तुलना एका वाक्यात संपते: जॅक गाडी उचलतो, स्टँड ती धरून ठेवतो. हायड्रॉलिक जॅकचे सील गळू लागले की गाडी खाली बसते, आणि विटा किंवा सिमेंटचे ठोकळे एका कडेवर भार आला की कोणतीही सूचना न देता फुटतात. कृष्णाकाठच्या काळ्या मातीत पावसाळ्यात स्टँडचे पायही रुततात. त्यामुळे फरशी किंवा काँक्रीट नसेल तर त्यांच्याखाली जाड लोखंडी पत्रा घालावा आणि जमिनीवर टेकलेल्या चाकांना लाकडी ठोकळे लावावेत.

डोळ्यांसाठी तीन पर्याय बाजारात दिसतात. बाजूंनी झाकलेला सेफ्टी चष्मा स्वस्त आणि हलका असतो व समोरून उडणारा कण अडवतो, परंतु गाडीखाली उताणे झोपून काम करताना वरून पडणारा गंज आणि वाळलेला चिखल त्याच्या फटीतून आत येतो. अशा कामाला चेहऱ्याला चिकटून बसणारा गॉगल हवा. बॅटरीचे ॲसिड किंवा गरम कूलंट उडण्याची शक्यता असेल, तर हवेची छिद्रे सरळ आत न उघडणाराच गॉगल घ्यावा. एप्रिल-मेच्या उकाड्यात तो धुकतो, ही तक्रार खरी आहे. म्हणून धुके न धरणारी काच पाहून घ्यावी. ग्राइंडरच्या कामाला फेस शील्ड आवश्यक असले तरी ते एकटे पुरत नाही, त्याच्या आत चष्मा किंवा गॉगल असावाच लागतो. नंबरचा चष्मा या तिन्हींपैकी कशाचीही जागा घेत नाही. खरेदी करताना आयएस ५९८३ हे मानक पाहावे.

श्वासाच्या बाबतीत सर्वाधिक गैरसमज आहेत. तोंडाला बांधलेला रुमाल बारीक धूळ अडवत नाही. एफएफपी-२ दर्जाचा मास्क (मानक आयएस ९४७३) किमान ९४ टक्के सूक्ष्म कण अडवतो, त्यामुळे पुट्टी घासणे किंवा ब्रेकची धूळ साफ करणे यांसाठी तो योग्य आहे. तरीही जुन्या ब्रेक लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकत असल्यामुळे ती धूळ कॉम्प्रेसरच्या हवेने उडवू नये, ओल्या फडक्याने पुसावी. मात्र पेट्रोल आणि थिनर यांच्या वाफा या मास्कमधून सरळ आत जातात. तिथे सेंद्रिय वाफांसाठीचे कार्ट्रिज असलेला रबरी मास्क लागतो, आणि दाढी वाढलेली असेल तर तोही चेहऱ्यावर नीट बसत नाही. हार्डनर मिसळलेला टू-के रंग फवारताना सुटणाऱ्या आयसोसायनेटमुळे दमा जडू शकतो. वासावरून त्याचा अंदाज घेता येत नाही, म्हणून त्या कामाला बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारा मास्क हवा. वर्षातून एखादे बंपर रंगवणाऱ्याने तो खर्च करण्यापेक्षा ते काम रंगाचा बूथ असलेल्या वर्कशॉपकडे द्यावे. बंद शेडमध्ये इंजिन चालू ठेवल्यावर साचणारा कार्बन मोनॉक्साइड यांपैकी कोणताही मास्क अडवत नाही. शटर उघडणे आणि धूर बाहेर काढणे हाच उपाय.

आता हातमोजे. पातळ रबरी लेटेक्स तेलात आणि पेट्रोलमध्ये फुगतो, म्हणून ऑइल बदलताना जाडसर नायट्राइल मोजे बरे; वापरलेल्या इंजिन ऑइलचा वर्षानुवर्षे होणारा स्पर्श त्वचेला घातक असतो, त्यामुळे हा खर्च अनाठायी नाही. ॲसिटोन असलेले थिनर किंवा ब्रेक क्लीनर मात्र नायट्राइलमधूनही लवकर झिरपते. मोजे भिजले की लगेच बदलावेत. दाणेदार सुती मोजे पकड देतात, पण तेल शोषून तेच कातडीशी धरून ठेवतात. चामडी मोजे गरम सायलेन्सर आणि वेल्डिंगसाठी राखून ठेवावेत. फिरता पट्टा, ड्रिल किंवा पंखा यांच्याजवळ कोणताच मोजा घालू नये, कारण मोजा अडकला की बोटही त्याच्याबरोबर आत ओढले जाते. बॅटरीजवळ काम करताना अंगठी आणि कडे काढून ठेवावे, कारण पान्याला व टर्मिनलला धातूचा स्पर्श झाला की १२ व्होल्टची बॅटरीही क्षणात बोट भाजते. इलेक्ट्रिक गाडीच्या नारिंगी केबल्सना प्रशिक्षणाशिवाय हात लावू नये. तेथील विद्युतरोधक मोजे हा वेगळाच वर्ग आहे, आणि वरील कोणतीही जोडी त्याला पर्याय ठरत नाही.

चपलेपेक्षा आयएस १५२९८ चा, २०० जूलचा आघात सोसणारा बूट केव्हाही चांगला. २०१९ आणि २०२१ च्या पुरात बुडालेल्या गाड्यांसारखा गाळ उपसायचा असेल, तर मात्र गमबूट आणि कोपरापर्यंतचे रबरी मोजे घालावेत, कारण लेप्टोस्पायरोसिसचे जंतू कातडीवरील बारीक जखमांतून शिरतात.

कपडे सुती असावेत, कारण नायलॉन ठिणगीने वितळून अंगाला चिकटते. पण ॲसिड सुती कापडाला खाते, म्हणून बॅटरीच्या कामात त्यावर रबरी एप्रन हवा. घरी काम करणाऱ्याने दोन स्टँड, एक गॉगल, एफएफपी-२ मास्क आणि नायट्राइल मोज्यांचा डबा एवढे आधी घ्यावे. गॅरेज टाकणाऱ्याने त्यात फेस शील्ड, कार्ट्रिजचा मास्क, प्रत्येक कामगाराच्या मापाचे बूट आणि ग्राइंडरपाशी टांगलेले कानाचे मफ यांची भर घालावी.