देवमासे ऐकायला घेतलेला हेडफोन

नागपूरच्या बर्डीवरच्या दुकानदारानं "बास पाहा भाऊ, छाती हालते" म्हणून हा वायरवाला हेडफोन दिला. मला बास, म्हणजे तो खालचा घुमणारा आवाज, नव्हता पाहिजे. घरच्या पोट्ट्याला स्पर्म व्हेलचं रेकॉर्डिंग ऐकायचं वेड लागलंय, त्यासाठी घेतला. हा देवमासा हजार मीटर खोल, गच्च काळोखात, टक-टक आवाज सोडून त्याच्या प्रतिध्वनीवर माकूळ (स्क्विड) शोधतो. पाण्यात आवाज सेकंदाला साधारण १५०० मीटर जातो. म्हणजे दीडशे मीटरवरच्या शिकारीचा पत्ता ०.२ सेकंदात परत! शिकार जवळ आली की टकटक वाढत जाते, शेवटी दार करकरल्यासारखी सलग होते. जुन्या इअरफोनमध्ये तिथं नुसता चिखल ऐकू यायचा, यात बरंच सुटं येतं. मग एकदम शांतता. तेव्हा पोट्टं ओरडतं, "गिळलं!"

खोक्यावर ४०,००० हर्ट्झ (आवाजाची सेकंदाला इतकी कंपनं) छापलंय, ते सोडा. क्युव्हियर व्हेल या दुसऱ्या देवमाशाची टकटक त्याच पट्टीत असते. पण आपला कान २०,००० लाच थांबतो. रेक्झिनच्या गाद्या मात्र मे महिन्यात कानाला चिकटतात बाप्पा. कूलरसमोर बसूनच वापरा. पाचपैकी साडेतीन.