गूगल स्कॉलर, स्कोपस की आयसाइट? मिरज-कराड-सातार्‍याच्या वैद्यकीय शिक्षकाने कोणता आकडा धरावा

एकाच माणसाचा एच-इंडेक्स (त्याच्या लेखांना मिळालेल्या सायटेशनवरून, म्हणजे पुढच्या लेखांनी त्यांचा जो संदर्भ दिला त्यावरून, काढलेला आकडा) गूगल स्कॉलरवर ११, स्कोपसवर ७ आणि वेब ऑफ सायन्सवर ५ दिसला, तर तिघांपैकी कुणीही चुकलेलं नसतं. सांगलीच्या यार्डात हळदीचं वजन सांगताना पोतं धरलंय की नाही हे आधी विचारतात, तसंच इथेही आहे. प्रत्येकाने ढिगात काय काय धरलंय, ते आधी बघायचं. आणि त्याहूनही आधी विचारायचं की हा आकडा हवाय कशासाठी: बढतीसाठी, कॉलेजच्या क्रमवारीसाठी, अनुदानाच्या अर्जासाठी, की दोन उमेदवारांची तुलना करण्यासाठी? या चार कामांना चालणारा एकच आकडा नाही.

बढती: इथे सायटेशन कुणी विचारतच नाही

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो, म्हणून इथूनच सुरुवात. सहयोगी प्राध्यापक किंवा प्राध्यापक होण्यासाठी राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०२२च्या पात्रता नियमांत शोधनिबंधांची अट होती, पण त्यांना किती सायटेशन मिळाली याची नव्हती. अट तीन गोष्टींची होती. लेखाचा प्रकार: मूळ संशोधन, मेटा-अ‍ॅनालिसिस, सिस्टिमॅटिक रिव्ह्यू किंवा केस सीरिज. जर्नल कुठे नोंदलेलं आहे: मेडलाइन, पबमेड सेंट्रल, सायन्स सायटेशन इंडेक्स, एम्बेस, स्कोपस, डीओएजे वगैरे. आणि लेखकांत तुमचं स्थान: पहिल्या तिघांत किंवा कॉरस्पाँडिंग लेखक (जर्नलशी पत्रव्यवहार करणारा). एकट्या रुग्णाचा केस रिपोर्ट कितीही गाजला तरी या हिशेबात तो शून्य. नियम बदलत असतात, २०२५मध्ये त्यांच्या जागी नवे आले आहेत. त्यामुळे तुमच्या तारखेला लागू असलेलं राजपत्र समोर ठेवूनच फॉर्म भरा. मित्राने पाठवलेली पीडीएफ बहुतेक वेळा जुनी असते. इंडेक्स कोपर्निकस जुन्या यादीत होतं, २०२०च्या बदलात ते गेलं. तरी आजही कुणीतरी त्याच भरवशावर लेख पाठवत असतो.

‘पबमेडमध्ये आहे’ हे वाक्य तपासल्याशिवाय मानू नका. पबमेड हे शोधण्याचं दार आहे. त्यातून मेडलाइन या निवडक जर्नलांच्या सूचीतले लेख दिसतात आणि पबमेड सेंट्रल या पूर्ण लेखांच्या साठ्यात जमा झालेलेही. एखाद्या जर्नलचे दोन-चार लेख अनुदानाच्या अटीमुळे पबमेड सेंट्रलमध्ये गेलेले असतात, आणि तेवढ्यावर ते जर्नल मुखपृष्ठावर ‘पबमेड इंडेक्स्ड’ छापतं. तपासण्याची पद्धत सोपी आहे. एनएलएम (अमेरिकेचं राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालय) कॅटलॉग उघडा, जर्नलचं नाव न टाकता आयएसएसएन, म्हणजे जर्नलचा ठरलेला क्रमांक, टाका आणि ‘सध्या मेडलाइनसाठी इंडेक्स होतं’ अशी नोंद आहे का ते वाचा. स्कोपससाठी त्यांचं ‘सोर्सेस’ पान फुकट उघडतं. तिथे जर्नल सापडलं की थांबू नका, कोणत्या वर्षापासून कोणत्या वर्षापर्यंत घेतलंय तो रकाना वाचा. २०२१मध्ये बाहेर काढलेलं जर्नलही शोधात दिसतंच; तुमचा लेख २०२३चा असेल तर उपयोग नाही. नाव चोरून बनवलेल्या बनावट वेबसाइटही असतात. म्हणून फी भरण्यापूर्वी लिंक स्कोपसच्या पानावरून उघडावी, आलेल्या ईमेलवरून उघडू नये.

थोडक्यात, बढतीच जवळ आली असेल तर एच-इंडेक्सच्या मागे एक संध्याकाळही घालवू नका.

एच-इंडेक्स एकदा हाताने काढून बघा

होर्हे हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने २००५मध्ये हा आकडा मांडला. प्रत्येकी किमान पाच सायटेशन असलेले पाच लेख असतील तर एच ५, प्रत्येकी किमान सहा असलेले सहा असतील तर ६. समजा एका शिक्षिकेचे दहा लेख आहेत आणि त्यांची सायटेशन उतरत्या क्रमाने अशी आहेत: ४१, १८, ९, ७, ५, ५, ३, २, ०, ०. पाचव्या लेखाला ५ आहेत, चाललं. सहाव्यालाही ५च आहेत, सहा हवी होती. म्हणून एच-इंडेक्स ५. दहा किंवा जास्त सायटेशन असलेले लेख दोन, म्हणून आय१०-इंडेक्स २. एकूण सायटेशन ९०. जी-इंडेक्समध्ये वरच्या लेखांची मिळून सायटेशन त्या लेखांच्या संख्येच्या वर्गाएवढी तरी लागतात: नऊचा वर्ग ८१ या ९०मध्ये बसतो, दहाचा १०० बसत नाही, म्हणून जी-इंडेक्स ९. माणूस तोच, लेख तेच, आकडे २, ५ आणि ९.

आता गंमत बघा. याच बाईंनी अकरावा लेख लिहिला आणि त्यात आपल्याच त्या दोन ५-५वाल्या लेखांचा संदर्भ दिला, की दोन्ही ६ होतात आणि एच-इंडेक्स एका रात्रीत ६. काही गैर केलं असं नाही, आपल्या जुन्या कामाचा संदर्भ द्यावाच लागतो. पण छोट्या आकड्यांत एखाद-दुसर्‍या स्व-सायटेशनचं वजन किती, हे यातून कळतं. एच ५ आणि एच ६ यांच्यातल्या फरकावर दोन उमेदवारांत निवड करणारी समिती प्रत्यक्षात काहीच मोजत नसते.

उलट, ४१च्या जागी ४१० असती तरी एच ५च राहिला असता. एकच मोठं काम केलेल्या माणसावर हा आकडा अन्याय करतो. आणि तो कधीच खाली येत नाही; निवृत्त माणसाचाही वाढत राहतो. त्यामुळे पस्तिशीतल्या आणि पंचावन्नच्या माणसाची एच-इंडेक्सवर तुलना करणं म्हणजे वय मोजणं.

तीन ढीग

गूगल स्कॉलर फुकट आहे आणि सगळ्यात ऐसपैस. प्रबंध, प्रीप्रिंट, परिषदेची पुस्तिका, वेबसाइटवर टाकलेली पीडीएफ, सगळ्यातली सायटेशन तो धरतो. भारतीय जर्नलांमधलं काम त्यात चांगलं दिसतं, हा मोठा फायदा. तोटा म्हणजे स्व-सायटेशन वगळण्याची सोय नाही आणि तो न विचारता लेख जोडतो. प्रोफाइल काढताना संस्थेचा ईमेल द्या; जीमेलवर पडताळणी होत नाही आणि मग प्रोफाइल शोधात येत नाही. सेटिंगमध्ये लेख आपोआप जोडण्याऐवजी ‘आधी ईमेलने विचारा’ हा पर्याय निवडा. हे एक बटण बदललं नाही म्हणून स्त्रीरोगाच्या प्राध्यापिकेच्या नावावर उसाच्या वाणांवरचा लेख चढलेला दिसतो, आणि तपासणारा माणूस नेमका तोच उघडतो.

स्कोपसमध्ये जर्नल निवडून घेतलेली असतात, म्हणून आकडा लहान पण वाद कमी. लेखकाचं पान, लेखसंख्या आणि एच-इंडेक्स वर्गणीशिवायही दिसतात. स्व-सायटेशन वगळून बघायचं तर ज्या ग्रंथालयात पूर्ण स्कोपस आहे तिथे जावं लागतं. वेब ऑफ सायन्स आणखी काटेकोर आणि वर्गणीचं. आपल्या भागातल्या बहुतेक शिक्षकांना त्याचं वेगळं काम पडत नाही. कॉलेजच्या क्रमवारीसाठी एनआयआरएफ (केंद्र सरकारची क्रमवारी) स्कोपस आणि वेब ऑफ सायन्समधूनच प्रकाशनं उचलते, तेवढ्यापुरतं ते संशोधन कक्षाने बघावं.

पाटील एस. एस. कोणते?

कोणता डेटाबेस चांगला यावर वाद घालण्यापेक्षा नावाची दुरुस्ती दसपट फायद्याची आहे. सांगली जिल्ह्यात पाटील आडनावाचे डॉक्टर किती असतील याचा विचार करा. त्यात एस. एस. पाटील, एस. पाटील, संजय पाटील, पाटील संजय शंकरराव ही एकाच माणसाची चार रूपं असू शकतात किंवा चार माणसांचं एक रूप. स्कोपस संस्था, सहलेखक आणि विषय बघून अंदाजाने गट्ठे बांधतो. मिरजेत एमडी, मग सातारा, मग कराड असा प्रवास झाला असेल तर त्याला तीन वेगळी माणसं दिसतात. लग्नानंतर आडनाव आणि मधलं नाव दोन्ही बदललेल्या शिक्षिकांचं तर अर्धं काम दुसर्‍याच ओळखपत्रावर पडून असतं.

उपाय असा. आधी ऑर्किड, म्हणजे संशोधकाचा स्वतःचा ओळख-क्रमांक, काढा. सोळा अंकी क्रमांक, फुकट, पाच मिनिटांचं काम. त्यात ‘इतर नावं’ या जागी माहेरचं नाव आणि सगळी इनिशियल्स भरा. मग स्कोपसच्या लेखक-शोधात आडनाव टाकून आपली सगळी तुटकी पानं शोधा आणि ‘एकत्र करा’ ही विनंती पाठवा. चुकून आलेले लेखही तिथेच काढता येतात. दुरुस्ती लगेच दिसत नाही, म्हणून तपासणीच्या आदल्या आठवड्यात हे काम काढू नका. शेवटी ऑर्किडला स्कोपस जोडून घ्या. इथून पुढे प्रत्येक लेखावर नाव एकाच पद्धतीने लिहा, मग ती पद्धत कुठलीही असो.

संस्थेच्या नावाचंही तसंच. भारती विद्यापीठाचं वैद्यकीय महाविद्यालय पुण्यातही आहे आणि सांगलीतही. लेखावर ‘सांगली’ लिहिलं नाही तर श्रेय पुण्याच्या खात्यात जाऊ शकतं. ‘किम्स’ एवढंच लिहिलं तर कराडचं कृष्णा, हुबळीचं कर्नाटक, भुवनेश्वरचं कलिंग की बंगळुरूचं केंपेगौडा? संगणकाला कराड माहीत नाही. अधिकृत पूर्ण नाव, गाव, राज्य, देश, एवढं प्रत्येक लेखकाच्या पुढे हवं, फक्त पहिल्याच्या नाही.

आयसाइट: कमी माहीत असलेलं, पण तुलनेला सर्वांत बरं

अ‍ॅनाटॉमीच्या माणसाची तुलना कार्डिऑलॉजीच्या माणसाशी कशी करायची? सायटेशन मोजून नाही. ज्या विषयात लिहिणारे जास्त, तिथे संदर्भही जास्त. यावर अमेरिकेच्या एनआयएच या सरकारी आरोग्य-संशोधन संस्थेने आरसीआर (रिलेटिव्ह सायटेशन रेशो) काढला. २०१६मध्ये त्याची पद्धत प्रसिद्ध झाली. तुमच्या लेखासोबत ज्या लेखांचे संदर्भ दिले जातात तेच तुमचं क्षेत्र असं धरून, वर्षाला मिळणार्‍या सायटेशनची त्या क्षेत्राशी तुलना होते. १.० म्हणजे एनआयएचच्या अनुदानातल्या मधल्या लेखाइतकं. भारतीय जिल्ह्याच्या ठिकाणाहून आलेल्या लेखाला ०.६ मिळाला तर त्यात लाजण्यासारखं काही नाही. मापच कडक आहे.

वापरायला एनआयएचचंच आयसाइट हे संकेतस्थळ फुकट आहे. पबमेडमध्ये आपले लेख शोधा, त्यांचे पीएमआयडी क्रमांक उतरवा, आयसाइटच्या चौकटीत चिकटवा. सरासरी दाखवू नका, मध्यक दाखवा. एखादा लेख उसळला की सरासरी फसवते. ताज्या लेखांना आकडा मिळत नाही किंवा तात्पुरता मिळतो. मुख्य मर्यादा म्हणजे पबमेडबाहेरचं काहीच इथे दिसत नाही. समाजवैद्यकातल्या, भारतीय जर्नलांत लिहिणार्‍या शिक्षकाचं निम्मं काम गायब होऊ शकतं. लेखाचे संदर्भ पुढे क्लिनिकल लेखांनी घेतले का, हेही आयसाइट दाखवतं. डॉक्टरांसाठी खरं तर हा रकाना सर्वांत बोलका.

महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांचं उदाहरण घ्या. विंचूदंशावर प्राझोसिन या औषधाचा उपचार, १९८०च्या दशकात लॅन्सेटमध्ये, पुढे २०११मध्ये बीएमजेत प्रतिविषासहची चाचणी. विंचूदंशावर लिहिणारे जगात मूठभर, त्यामुळे कच्चं सायटेशन मधुमेहावरच्या एखाद्या मामुली लेखाहूनही कमी भरू शकतं. क्षेत्रानुसार तोलणारं माप इथे निदान दिशा तरी बरोबर दाखवतं. जत-आटपाडीच्या आरोग्य केंद्रातली प्राझोसिनची गोळी मात्र कुठल्याच मापात येत नाही.

ज्यांना फार भाव देऊ नये

इम्पॅक्ट फॅक्टर जर्नलचा असतो, माणसाचा नाही. गेल्या दोन वर्षांच्या लेखांना यंदा मिळालेली सायटेशन भागिले त्या दोन वर्षांतले लेख. ‘सीए’ या कर्करोगाच्या जर्नलचा २०२०चा आकडा ५०८.७०२ होता, कारण त्यातली वार्षिक आकडेवारी सगळे जग उद्धृत करतं. त्यात छापलेला प्रत्येक लेख त्या तोलाचा नसतो. बायोडेटात ‘एकूण इम्पॅक्ट फॅक्टर ३४.६’ अशी बेरीज लिहिणं बंद करा, जाणकार परीक्षक तिथेच हसतो. क्लॅरिव्हेटशिवाय (वेब ऑफ सायन्स चालवणारी, खरा इम्पॅक्ट फॅक्टर काढणारी कंपनी) दुसर्‍या कुणी दिलेला ‘ग्लोबल’ किंवा ‘इंटरनॅशनल’ फॅक्टर तर विकतचाच समजा. जर्नलचा दर्जा फुकटात बघायचा असेल तर सायमॅगो या संकेतस्थळावर क्वार्टाइल बघा, म्हणजे आपल्या विषयातल्या जर्नलांत ते वरून कितव्या चतुर्थांशात आहे ते.

‘जगातले २ टक्के शास्त्रज्ञ’ या यादीचे फ्लेक्स आता आपल्याकडेही लागतात. ती जॉन आयोनिडिस यांच्या गटाने स्कोपसच्या माहितीवरून केलेली यादी आहे. एक कारकिर्दीची, एक फक्त एका वर्षाची; फ्लेक्सवर कोणती ते लिहिलेलं नसतं. तिची एक गोष्ट मात्र चांगली: सहलेखकांची संख्या आणि पहिलं-शेवटचं नाव ती विचारात घेते. ‘ग्लोबल बर्डन ऑफ डिसीज’सारख्या लेखांवर शेकडो नावं असतात, अशा दोन-तीन लेखांनी एकूण सायटेशन हजारांत जातात. अशा उमेदवाराचा आकडा वाचताना ते लेख बाजूला काढून पुन्हा मोजा.

संशोधन कक्षाने आणखी एक रकाना ठेवावा: मागे घेतलेले लेख. एनआयआरएफ २०२५पासून त्यांचे गुण वजा करते, आणि दुसर्‍या शहरातल्या सहलेखकाने केलेली चूकही तुमच्या खात्यावर येते.

बायोडेटात मग एवढीच ओळ पुरे: ‘लेख १०, त्यांपैकी पहिला किंवा कॉरस्पाँडिंग लेखक ६, एच-इंडेक्स ५, स्कोपस, स्व-सायटेशन वगळून, आरसीआर मध्यक ०.८, आयसाइट’, आणि पुढे पाहिल्याची तारीख. तारीख नसलेला आकडा परीक्षक स्वतः उघडून बघतो, आणि त्याला दुसराच दिसतो.