सुगरणींच्या वसाहतीसमोर निकॉन मोनार्क एम५ ८×४२

पक्षी कोणता हे ओळखायला दहापट दुर्बीण बरी, पण तो काय करतोय हे बघायचं तर आठपटच घ्या. या दुर्बिणीचा दृश्यकोन ६.४ अंश आहे. ३० मीटरवरून साधारण ३.३ मीटर रुंदीचा तुकडा दिसतो, म्हणजे विहिरीवर झुकलेल्या बाभळीची एक फांदी, तिच्यावरचे चार-पाच खोपे आणि शेजारच्या खोप्यातल्या पात्या उपसायला आलेला चोर, सगळं एका नजरेत. याच मालिकेतल्या १०×४२ चा कोन ५.६ अंश. कागदावर फरक थोडाच, पण हाताची थरथर दहापटीत जास्त जाणवते आणि नेमकी मारामारी हुकते.

पावसाळी ढगाखाली या दुर्बिणीची खरी परीक्षा. ४२ ला (पुढच्या भिंगाचा व्यास, मिलिमीटरमध्ये) ८ नं (किती पट मोठं दिसतं ते) भागलं की ५.२५ मिलिमीटरचा प्रकाशझोत डोळ्यात येतो, म्हणून सकाळी सहा-साडेसहालाही नराचं पिवळं डोकं आणि गडद मुखवटा स्पष्ट. मादी चिमणीसारखी, मातकट. (नाव सुगरण, विणकाम मात्र सगळं नराचं.) ती वसाहतीत उतरली की अर्धवट, शिरस्त्राणासारख्या खोप्यांना लटकून सगळे नर एकदम पंख फडफडवत कलकलाट करतात. ती आत शिरते, पात्या ओढून बघते. पसंत पडलं तरच नर अंड्यांची खोली आणि नळी पुरी करतो, मग दुसऱ्या मादीसाठी नवा खोपा सुरू. त्यामुळे लटकणारा प्रत्येक खोपा नांदता समजून मोजू नका; नापसंत झालेले तसेच राहतात. पक्षितज्ज्ञ सलीम अली यांनी ही रीत १९३० मध्ये अलिबागजवळच्या किहीमला बारकाईने टिपली होती.

वापरण्यापूर्वी डाव्या डोळ्यानं मधल्या चाकावर फोकस करा, मग फक्त उजव्या डोळ्यानं त्या बाजूची कडी फिरवून तेच दृश्य धारदार करा. या कडीला लॉक नाही. पिशवीत ती सरकते आणि तासाभरात डोकं दुखायला लागतं. कारण कळत नाही म्हणून दोष भिंगांना दिला जातो. कडी जागेवर धरून ठेवायला नेलपॉलिशचा एक ठिपका पुरे. आयरिलीफ, म्हणजे भिंगापासून डोळा किती लांब ठेवूनही पूर्ण दृश्य दिसतं ते अंतर, १९.५ मिलिमीटर असल्यानं चष्मेवाल्यांनी कप पूर्ण खाली घ्यावेत.

वजन ६३० ग्रॅम. दर दहा मिनिटांत किती फडफडी झाल्या अशी मोजणी करायची तर हात भरून येतो. ट्रायपॉडचा अडॅप्टर वेगळा घ्यावा लागतो, घ्याच. दुर्बीण जलरोधक आहे, तरी एसी गाडीतून दमट हवेत काढली की बाहेरून वाफ धरतेच. पुसत बसू नका, दहा मिनिटं थांबा. घरी सिलिका जेलच्या डब्यात ठेवा, नाहीतर कोकणात बुरशी ठरलेली.

फोकस २.५ मीटरपर्यंत जवळ येतो. खिडकीच्या काचेतल्या प्रतिबिंबाशी भांडणारा शिंजीर पक्षी पाहायलाही तेवढं पुरतं.