लक्सॉन वापरून आठ महिने झाले

आमच्या ताईंचा गाण्याचा ऑनलाइन क्लास आहे. निम्मे विद्यार्थी पुण्यात, बाकीचे न्यू जर्सी आणि लंडनला. त्यांच्या वेळापत्रकाचं छोटं टूल मी जावास्क्रिप्टमध्ये लिहिलं होतं, तेही मोमेंट ही तारीख-वेळ हाताळणारी तयार लायब्ररी वापरून. मोमेंटच्या टीमने सप्टेंबर २०२० मध्येच 'आता यात नवीन काही येणार नाही' असं जाहीर केलं होतं, पण सवय सुटत नव्हती. शेवटी नोव्हेंबर २०२४ मध्ये लक्सॉन या तशाच दुसऱ्या लायब्ररीवर आलो.

पहिल्याच दिवशी फजिती. तारीख कशी छापायची ते सांगणारी फॉरमॅटची जुनी ओळ तशीच चिकटवली: दोन डी, दोन एम, चार वाय, सगळे कॅपिटल. पालकांना निरोप गेला 'नोव्हेंबर १६, २०२४/११/' आणि पुढे ते चार वाय जसेच्या तसे! लक्सॉनला दिवस आणि वर्ष स्मॉल अक्षरांत लागतं. महिना मात्र कॅपिटलच, कारण स्मॉल एम म्हणजे मिनिटं. कॅपिटल डी दोनदा लिहिला की अख्खी तारीखच येते.

लोकेल (भाषेची सेटिंग) मराठी केलं तर आकडेही देवनागरी होतात. ताई खूश. पण तीच तारीख हजेरीच्या फाइलमध्ये गेली आणि एक्सेलला ती तारीख वाटेचना. आता माणसांसाठी मराठी, फाइलसाठी सरळ आयएसओ (वर्ष-महिना-दिवस असा प्रमाणित फॉरमॅट).

खरी किंमत कळली मार्च २०२५ मध्ये. शनिवारी रात्री ८चा क्लास न्यू जर्सीत हिवाळ्यात सकाळी साडेनऊला असतो. ९ मार्चला अमेरिकेची घड्याळं उन्हाळ्यासाठी तासभर पुढे गेली, लंडनची थेट ३० तारखेला. मधले तीन शनिवार न्यू जर्सीला साडेदहा, लंडनला मात्र दुपारचे अडीचच. पूर्वी मी साडेदहा तास हाताने वजा करायचो (हसू नका). आता भारतातली वेळ आणि 'एशिया/कोलकाता' हा टाइमझोन एवढंच साठवतो, बाकी झोन बदलून दाखवतो. लंडनच्या एका मुलीचा रियाज तिच्या रविवारी सकाळी १०ला ठरलाय. पुढच्या रविवारसाठी एक आठवडा मिळवला तर १०च राहतात, १६८ तास मिळवले असते तर ३० मार्चला ११ वाजले असते.

एक तक्रार आहेच. चुकीची तारीख दिली तरी लक्सॉन गप्प राहतं आणि 'इनव्हॅलिड डेटटाइम' छापून मोकळं होतं. एरर फेकायची सेटिंग आहे, ती आधीच चालू करा.

२०२५ मध्ये लंडनची घड्याळं मागे येण्याचा दिवस २६ ऑक्टोबर, अमेरिकेचा २ नोव्हेंबर. मधल्या शनिवारचे निरोप टूलने आधीच बरोबर काढून दिले: न्यू जर्सी साडेदहा, लंडन अडीच.