नव्या गाडीची वॉरंटी : काही महिन्यांच्या वापरानंतर

नवी गाडी वापरताना गेल्या काही महिन्यांत वॉरंटीचे दोन्ही प्रकारचे अनुभव आले. मागच्या दाराची काच वर-खाली करणारी मोटर अडकू लागली, तेव्हा सर्व्हिस सेंटरने तपासणी करून ती भाग आणि मजुरी यांपैकी कशाचेही पैसे न घेता बदलून दिली. बदललेल्या मोटरला मात्र नवी मुदत मिळाली नाही. गाडीच्या मूळ वॉरंटीचा जो काळ उरला आहे, तोच तिलाही लागू आहे.

त्यानंतर बॉनेटखालची वायर उंदरांनी कुरतडली आणि तो खर्च वॉरंटीत बसत नसल्याचे सांगण्यात आले, जे माझ्या मते योग्यच होते. हीच वायर कारखान्यातील सदोष जोडणीमुळे तुटली असती, तर ती विनामूल्य बदलली गेली असती. कोणता भाग बिघडला यापेक्षा तो कशामुळे बिघडला, यावर वॉरंटीचा निर्णय होतो. म्हणूनच अपघात, इंजिनात शिरलेले पाणी किंवा भेसळीचे इंधन यांमुळे झालेले नुकसान तिच्याबाहेर राहते आणि त्यासाठी विम्याच्या अटी पाहाव्या लागतात.

ब्रेक पॅड, वायपर, फिल्टर, ऑइल हे झिजणारे किंवा संपणारे घटक सहसा वगळलेलेच असतात, तर टायर आणि १२ व्होल्टच्या बॅटरीची वॉरंटी बहुधा त्यांचे उत्पादक देतात. खरा वाद होतो तो क्लच प्लेटवरून, कारण ती सदोष होती की चालवण्याच्या सवयीमुळे जळली, हे ठरवणारा तंत्रज्ञ सर्व्हिस सेंटरचाच असतो. अशा वेळी नकाराचे कारण लेखी मागावे, कारण तोंडी नकार जितका ठाम असतो तितका लेखी राहतोच असे नाही.

अधूनमधून येणारा आवाज तपासणीच्या वेळी नेमका थांबला, तरी ती तक्रार जॉब कार्डवर, म्हणजे गाडी देताना सर्व्हिस सेंटर तक्रारी व कामे नोंदवते त्या कागदावर, लिहूनच घ्यावी. वर्षे किंवा किलोमीटर यांपैकी जी मर्यादा आधी गाठली जाईल तिथे वॉरंटी संपते आणि दोष त्याआधीच सांगितला होता, हे दाखवायला तोच कागद उपयोगी पडतो. ठरलेल्या सर्व्हिसची बिलेही त्याच फाइलमध्ये असावीत.

विस्तारित वॉरंटी मी अजून घेतलेली नाही. ती घेण्यापूर्वी, तिच्यात फक्त यादीत दिलेले भाग येतात की यादीत वगळलेले सोडून बाकी सारे येतात, एवढे पाहणार आहे.