मुरुमांचे खड्डे घालवतो म्हणून बेळगावातल्या एका स्किन क्लिनिकने मला ४८,००० रुपयांना लुबाडलं

आकडे सगळे देते, म्हणजे मी हवेत बोलतेय असं कुणाला वाटायला नको. बुकिंगचे ६,००० फोनवरून भरले. उरलेले ४२,००० ‘हप्त्यात द्या’ म्हणाले, महिना ३,५०० प्रमाणे वर्षभर. माझ्या आधार-पॅनवर एका फायनान्स कंपनीचं कर्ज काढलंय, हे पहिला हप्ता कापल्याचा मेसेज आल्यावर कळलं. टॅबवर सही घेताना ‘फॉर्म आहे मॅडम, काय नाही ओ’ एवढंच बोलले होते. त्यामुळे ट्रीटमेंट मी बंद केली तरी हप्ता बंद होत नाही. टॅबवर सही करायची तर आधी पूर्ण कागद मागा.

ठरलं होतं फ्रॅक्शनल सीओटू लेझर, सहा सिटिंग. पावतीवर लिहिलं ‘स्किन पॅकेज’. मशीनचं नाव नाही, डॉक्टरांचं नाव नाही.

आणि पहिल्या सिटिंगनंतरची ती संध्याकाळ! मी आरामात खानापूरला परतले, तोंड धुतलं, दुसऱ्या दिवशी कामावर गेले. गालावर काहीच खूण नाही. कित्ती छान मशीन, असं मी घरी सांगितलं. तिथेच संशय यायला हवा होता, हे आठवलं की अजून जीव जळतो. नंतर खऱ्या त्वचारोगतज्ज्ञांनी समजावलं: सीओटू लेझर त्वचेत बारीक बारीक छिद्रं पाडतं, मधली कातडी शाबूत ठेवतं आणि त्या शाबूत भागातून जखम भरते. म्हणून आधी पाऊण-एक तास बधिर करायची क्रीम लावतात, नंतर चेहरा लाल होतो, ठिपक्याठिपक्यांच्या खपल्या धरतात, त्या पडायला पाच-सात दिवस जातात. मला क्रीम नाही, खपली नाही. थंडगार जेल लावून रुंद काचेचा पांढरा फ्लॅश मारत होते. ते आयपीएल, म्हणजे नुसत्या प्रकाशाचा झोत मारणारं मशीन, लेझर नव्हेच. खड्डे त्याने भरत नाहीत.

तिसऱ्या सिटिंगला भाजलं. दोन्ही गालांवर विटेसारखे लांबट चौकोनी काळे डाग. आपल्या सावळ्या कातडीवर असे डाग लवकर पडतात, म्हणून मशीनची ताकद जपून ठेवावी लागते. तिथे ताकद ठरवणारी मुलगी डॉक्टर नव्हतीच. पण पांढरा कोट घातलेल्या माणसाला ‘डिग्री दाखवा’ म्हणून कोण विचारतं? मी शिकलेली आहे, आधी चार प्रश्न विचारले होते, त्यांनी फोटोही दाखवले. खोटंच बोलायचं ठरवलेल्यापुढे गिऱ्हाईक काय करणार? तुम्ही मात्र विचारा. ‘शंभर टक्के खड्डे जातील’ म्हणाले तर उठून या. चांगलं लेझरसुद्धा खड्डे कमी करतं, पुसून टाकत नाही. सुईने टोचल्यासारख्या खोल खड्ड्यांना तर उपचारच वेगळा लागतो.

आता तक्रारीचं ऐका. पोलीस म्हणाले, हे सिव्हिल मॅटर, शिवाय क्लिनिकची कंपनी कोल्हापूरची, तिकडे जा. कोल्हापुरात म्हणाले, प्रकार कर्नाटकात घडला, तिकडे जा. सीमेवर राहतो हा आमचा गुन्हा आहे का? एका सरकारी कार्यालयात मराठी अर्ज हातातसुद्धा घेतला नाही, कन्नडमधून लिहून आणा म्हणाले. आणला. मग साहेब मीटिंगला. या क्लिनिकची केपीएमई, म्हणजे कर्नाटकातल्या खासगी दवाखान्यांच्या कायद्याखाली नोंदणी आहे का, एवढं साधं विचारलं तर ‘आरटीआय टाका’. नोंदणी तपासणं ज्यांचं काम, तेच मला कागद शोधायला लावतात! माझ्या भाजलेल्या गालाकडे एकानेही मान वर करून पाहिलं नाही.

शेवटी एका वकीलबाईंनी सांगितलं की २०१९ च्या ग्राहक कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार घालता येते, कंपनी कुठलीही असो, आणि दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही. हे त्या एकाही खुर्चीवरच्या माणसाने सांगू नये? डागांचे फोटो तारखेसह काढून ठेवा, १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा, त्यांचे व्हॉट्सॲप मेसेज पुसू नका.

माझी तक्रार जिल्हा ग्राहक आयोगात घालतेय. बेळगाव, खानापूर, निपाणीकडे कुणाकडे अशीच ‘स्किन पॅकेज’ची पावती असेल तर लाजून गप्प बसू नका, सोबत या.