७४७ की ए३८०: एकदाच बसायचं असेल तर

चार इंजिनांच्या मोठ्या विमानात एकदा तरी बसायचं, असं माझ्या भाचीच्या मनात आहे. बोइंग ७४७ की एअरबस ए३८०, एवढंच ठरायचंय. दोन्ही बनणं थांबलंय. शेवटचं ए३८० डिसेंबर २०२१ मध्ये एमिरेट्सला मिळालं. शेवटचं ७४७ जानेवारी २०२३ मध्ये ग्राहकाला मिळालं, तेही मालवाहू. दोन इंजिनांची ७७७, ७८७ आणि ए३५० तेवढाच पल्ला कमी इंधनात गाठतात. मग चार इंजिनांची देखभाल आणि रोज पाचशे खुर्च्या भरायची विवंचना कोण घेणार?

मी ७४७ च्या बाजूचा, हे आधीच सांगतो. १९९४ मध्ये आईबरोबर मुंबईच्या सहार विमानतळावरून एअर इंडियाच्या जंबोने, म्हणजे ७४७ ने, लंडनला गेलो. प्रत्येक खिडकीभोवती बाहेरून लाल झरोक्याची महिरप रंगवलेली. आम्ही पार मागच्या रांगेत होतो. धावपट्टीवर विमान धावायला लागलं तशी डोक्यावरची कपाटं खडखडायला लागली, आईने माझं मनगट घट्ट धरलं. धावपट्टी संपते की काय असं वाटत असतानाच पंखांची टोकं वर वाकली आणि मग चाकं सुटली. खाली जुहूचा किनारा. आईने मनगट सोडलं ते समुद्र आल्यावर.

ए३८० मध्ये हे काही होत नाही. इतकं शांत की जमीन कधी सुटली ते कळत नाही. लांबच्या प्रवासात हे मोठंच सुख आहे. एमिरेट्समध्ये वरचा मजला बहुतेक बिझनेस आणि फर्स्टचा, पण ब्रिटिश एअरवेजच्या ए३८० मध्ये वर इकॉनॉमीही आहे, २-४-२ अशी, म्हणजे दोन्ही खिडक्यांकडे दोन-दोन आणि मधे चार खुर्च्या. खिडकीकडच्या दोन खुर्च्या म्हणजे नवरा-बायकोला हक्काचा कोपरा. शिवाय खिडकीला लागून सामानाचा कप्पा. वयस्कर आईवडिलांना न्यायचं असेल तर मी डोळे झाकून हेच सांगेन.

७४७ च्या इकॉनॉमीत असं काही मिळत नाही, ३-४-३ च्या रांगा. लुफ्तान्साच्या ७४७-८ मध्ये वरचा मजला बिझनेसचा, आणि नाकातल्या फर्स्टमध्ये बसलात तर वैमानिक तुमच्या मागे, वरच्या बाजूला! भाडं मात्र आपल्या आवाक्याबाहेरचं.

तरी भाचीला सांगितलं, आधी ७४७. ए३८० मुंबईहून दुबईला जातानाही मिळतं, आणि एमिरेट्स ती पुढच्या दशकातही उडवणार आहे. प्रवासी ७४७ मात्र बोटांवर मोजण्याइतक्याच कंपन्यांकडे उरलीत. २२ एप्रिल २०२४ ला एअर इंडियाच्या ‘आग्रा’ नावाच्या ७४७ ने मुंबई सोडली, तेव्हा वर चढताना पंख कलवून निरोप घेतला. तो व्हिडिओ मी अजूनही पूर्ण बघू शकत नाही.

तिकीट काढताना विमानाचा प्रकार वाचून घे, आदल्या दिवशी पुन्हा बघ, कारण ऐनवेळी विमान बदलतात. आणि खिडकी पंखामागची घे.